गोल उबवणी कुंडात अंडी वेळेआधी का फुटतात? (उबवणीच्या पद्धतींविषयी धागा)

नवी_ओंजळ

नमस्कार. रोहूचे मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) तयार करण्याचा माझा हा दुसराच हंगाम आहे. माझ्याकडे ३ मीटर व्यासाचे गोल उबवणी कुंड असून त्याच्या मध्यभागी १ मीटर व्यासाचे जाळीचे नळकांडे आहे. पाण्याची उंची १ मीटर राहते. तळाशी बदकाच्या चोचीसारखी चपटी तोंडे असलेले नळ तिरके बसवलेले आहेत, त्यामुळे पाणी सतत गोल फिरते आणि जाळीतून आत जाऊन मधल्या नळाने बाहेर पडते.

मागच्या तुकडीत मी अंदाजे ९० लाख अंडी कुंडात सोडली. दोन तासांनी नमुना पाहिला तेव्हा शंभरांपैकी नव्वदाहून अधिक अंडी काचेसारखी स्वच्छ दिसत होती, म्हणून फलन उत्तम झाले असे मी धरून चालले. मात्र अकराव्या तासालाच अंडी फुटू लागली. बरीच पिल्ले वाकडी होती, काही जाळीवर दाबली गेली होती आणि पाण्यावर फेस साचला होता. तिसऱ्या दिवशी सोडलेल्या अंड्यांच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी जिरे हाती लागले. पाणी कूपनलिकेचे असून ते थेट कुंडात येते. दुपारी त्याचे तापमान ३३ अंश सेल्सिअस होते. प्रवाह मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखाच ठेवला होता.

चूक नेमकी कुठे झाली, हे मला समजून घ्यायचे आहे. जार (उभी भांडी), हापा (पाण्यात बांधलेली कापडी किंवा जाळीची पेटी) किंवा ट्रे वापरणाऱ्यांनीही आपली पद्धत कारणांसह सांगितली तर उपयोग होईल, कारण पुढच्या वर्षी सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि मागूर यांची अंडीही उबवण्याचा माझा विचार आहे.

सूक्ष्मदर्शी

पहिली गफलत नमुन्याच्या वेळेत झाली आहे. माशाचे फलन न झालेले अंडेसुद्धा पाण्याच्या संपर्कात आले की पाणी शोषून फुगते, पारदर्शक दिसते आणि काही काळ त्यात विभाजनासारखे बदलही होतात. त्यामुळे दुसऱ्या तासाला फलित आणि अफलित अंडी नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाहीत. रोहू, कटला आणि मृगळ यांच्या बाबतीत पाचव्या-सहाव्या तासापर्यंत थांबावे. तोपर्यंत अफलित अंडी पांढरी, गढूळ होऊ लागतात, आणि फलित अंड्यात पीतकाभोवती (अंड्यातल्या अन्नसाठ्याभोवती) वळू लागलेला भ्रूण भिंगातून दिसतो. थोड्या वेळाने तोच स्वल्पविरामाच्या आकाराचा दिसू लागतो. कुंडाच्या तीन-चार ठिकाणांहून, वरून आणि तळाजवळून, मिळून दोनशे तरी अंडी मोजल्याशिवाय टक्केवारी लिहू नये.

तुमचे खरे फलन ९० टक्के नसून ६० टक्के असेल, तर उरलेली ४० टक्के अंडी कुंडातच कुजत होती आणि जिवंत अंड्यांचा प्राणवायू खात होती.

वेळेआधी फुटण्याबाबत एक गोष्ट विचारतो. फुटण्याच्या आधी अंड्यातला भ्रूण शेपटी झटकत होता का? भ्रूणाच्या अंगावरील विशिष्ट ग्रंथी एक विकर सोडतात. ते कवचाला आतून विरघळवते, आणि भ्रूणाच्या हालचालीने पातळ झालेले कवच फाटते. तापमान वाढले किंवा प्राणवायू कमी पडला, तर हे विकर लवकर सुटू शकते. परंतु भ्रूण हलण्याच्या आधीच अंडे फुटत असेल, तर दोष कवचात किंवा बाहेरच्या आघातात शोधावा लागतो. या दोन प्रकारांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

नवी_ओंजळ

धन्यवाद. हे मी पाहिले होते, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. काही भ्रूण झटके देत होते. मात्र जाळीजवळच्या नमुन्यात फाटलेली कवचे आणि सुटे पीतक बरेच होते, आणि त्या भ्रूणांना अजून शेपटी नीट सुटलेली नव्हती.

डोहकाठ

याचा अर्थ दोन्ही प्रकार एकाच वेळी घडले. गोल कुंडावर बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी घनता पाहू. तुमच्या कुंडाचे एकूण आकारमान सुमारे ७ घनमीटर भरते. त्यातून मधल्या नळकांड्याचे पाऊण घनमीटर वजा केले, तर अंड्यांसाठी सव्वासहा घनमीटर पाणी उरते. गोल कुंडात घनमीटरला ७ ते १० लाख अंडी हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरतात. त्या हिशेबाने तुमची मर्यादा ४४ ते ६२ लाखांची होती आणि तुम्ही ९० लाख अंडी सोडली. सुरुवातीच्या काही तासांत ही दाटी जाणवत नाही, कारण अगदी लहान भ्रूणाला प्राणवायू कमी लागतो. तो वाढू लागला आणि हलू लागला की गरज झपाट्याने वाढते. नेमक्या त्याच वेळी मेलेली अंडीही कुजू लागतात. म्हणून दाटीचे परिणाम नेहमी दहाव्या तासानंतरच दिसतात आणि आपल्याला वाटते की काहीतरी अचानक बिघडले.

कूपनलिकेचे पाणी थेट सोडणे ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू बहुधा कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. कधी त्यात विरघळलेले लोह असते, जे हवेशी संपर्क येताच तांबूस गाळ होऊन अंड्यांच्या कवचावर बसते. कधी पाण्यात नायट्रोजन वायू अतिसंपृक्त असतो आणि पिल्लांच्या अंगात बुडबुडे धरतात. हे पाणी आधी उंच टाकीत, छिद्रांच्या पत्र्यांवरून किंवा फवाऱ्याने पाडून घ्यावे आणि काही तास मुरू द्यावे. कुंडाच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यातही लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू राहिला पाहिजे. आत येणारे पाणी मोजून समाधान मानू नये, कारण अंड्यांनी वापरून उरलेला आकडा बाहेरच्या नळावरच कळतो. उंच टाकीचा आणखी एक फायदा असा की वीज गेली तरी प्रवाह थांबत नाही. या अंड्यांना पाण्यात तरंगत राहण्याची शक्ती नसते. प्रवाह थांबला की ती तळाशी थराने बसतात, आणि खालचा थर फार लवकर गुदमरतो.

तापमानाबद्दल सांगायचे तर या माशांसाठी २७ ते ३० अंश चांगले. या तापमानात १४ ते १८ तासांत पिल्ले बाहेर येतात. ३३ अंशांवर सगळे लवकर घडते, पण भ्रूणाची वाढ आणि कवचाचे विरघळणे यांचा मेळ राहत नाही. कुंडावर छप्पर हवे, आणि माशांना अंडी सोडण्यासाठी द्यायच्या संप्रेरकाच्या इंजेक्शनची वेळ अशी धरावी की पिल्ले फुटण्याचा काळ दुपारच्या उन्हात येणार नाही.

आता प्रवाह. पहिले सुमारे १२ तास सेकंदाला ०.४ ते ०.५ मीटर वेग चालतो. भ्रूण झटके देऊ लागले की तो ०.१ ते ०.२ मीटरवर आणावा आणि फुटण्याचे काम संपेपर्यंत तसाच ठेवावा. कवच त्या वेळी अतिशय नाजूक झालेले असते आणि जोराच्या प्रवाहाने ते जाळीवर घासून फाटते. तुमच्या कुंडात नेमके हेच घडले असावे. सगळी पिल्ले बाहेर आली की वेग पुन्हा ०.३ ते ०.४ मीटरपर्यंत वाढवावा, कारण पीतकाचे ओझे असलेली पिल्ले नीट पोहू शकत नाहीत आणि खाली बसून त्यांचे ढीग होतात.

वेग मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. कुंडाची भिंत आणि जाळी यांच्या मधोमध लहानसा तरंगता तुकडा सोडा. तुमच्या कुंडात त्या वर्तुळाचा व्यास २ मीटर, म्हणजे परीघ सुमारे ६.३ मीटर होईल. एक फेरी २१ सेकंदांत झाली तर वेग ०.३ मीटर आहे. १४ सेकंदांत झाली तर ०.४५ मीटर, आणि ४० सेकंद लागले तर ०.१५ मीटर. मी भिंतीवर हे तीन आकडे रंगवून ठेवले आहेत.

फेस आणि कवचांचा चिखल जाळी बुजवतो. जाळी बुजली की पाण्याची पातळी चढते, उरलेल्या छिद्रांतून ओढ वाढते आणि पिल्ले तिथेच चिकटतात. पिल्ले फुटण्याच्या काळात एका माणसाने मऊ ब्रश घेऊन आतल्या बाजूने जाळी साफ करत बसावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

हिमझरा

मी थंड पाण्यातील ट्राउटची अंडी उबवतो आणि आमच्याकडचे बरेच नियम याच्या उलटे आहेत, म्हणून लिहावेसे वाटले. इंद्रधनुषी ट्राउटचे अंडे मोठे, जड आणि जाड कवचाचे असते. आम्ही ते ट्रेमध्ये थरांत ठेवतो आणि पाणी खालून वर जाऊ देतो. फलनानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत अंडी हलवता येतात. त्यानंतर भ्रूणाचे डोळे काळे ठिपके म्हणून दिसू लागेपर्यंत त्यांना धक्काही लावायचा नसतो, कारण त्या काळात किरकोळ हिसक्यानेही भ्रूण मरतो. प्रकाशही टाळावा लागतो.

वेळ आम्ही तासांत मोजत नाही. रोजचे सरासरी तापमान बेरजेत धरतो. १० अंशांच्या पाण्यात दहा दिवस गेले की १०० अंश-दिवस झाले, असा हा हिशेब आहे. डोळे साधारण १६० ते १८० अंश-दिवसांच्या सुमारास दिसतात आणि पिल्ले ३०० ते ३३० च्या आसपास बाहेर येतात, म्हणजे १० अंशांवर जवळजवळ महिना लागतो. डोळे दिसले की अंडी नळीने ओढून थोड्या उंचीवरून पाण्यात मुद्दाम पाडतो. फलित अंड्यांना आता काही होत नाही. अफलित अंड्यांचे आतले पटल मात्र फाटते आणि ती पांढरी पडतात, मग ती वेचून काढता येतात.

महिनाभराच्या उबवणीत बुरशी हा मुख्य शत्रू असतो. मेलेल्या अंड्यावर सॅप्रोलेग्निया उगवते आणि तिचे कापसासारखे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढतात. मॅलाकाइट ग्रीन पूर्वी सर्रास वापरले जात असे, परंतु खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे आणि त्याला हातही लावू नये. आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला ५०० ते १००० मिलिग्रॅम या प्रमाणात १५ मिनिटे सोडतो आणि पिल्ले फुटण्याच्या आदल्या दिवसापासून बंद करतो. फॉर्मॅलिनही चालते, पण त्याची वाफ माणसाला घातक असल्याने मी ते सोडून दिले.

सूक्ष्मदर्शी

हिमझरा यांच्या लिखाणातून एक गोष्ट स्पष्ट होते. रोहूचे अंडे एका दिवसात फुटते, त्यामुळे त्याच्यावर बुरशी पसरायला वेळच मिळत नाही. ओंजळताई, तुम्ही गोल कुंडात बुरशीनाशक वापरण्याच्या फंदात पडू नका. मागूर आणि सायप्रिनस यांच्या वेळी मात्र हा प्रश्न येईल.

पाणकणीस

त्याच दोन माशांवर माझे काम चालते. दोघांचीही अंडी चिकट असतात, आणि चिकट अंडी गोल कुंडात टाकली तर त्यांचे गोळे होतात. गोळ्याच्या आतली अंडी गुदमरून मरतात.

सायप्रिनससाठी दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग असा की मासे पाणवनस्पतींवर किंवा काथ्याच्या तंतूंच्या झुपक्यांवर अंडी घालतात, आणि ते झुपके तसेच उचलून हाप्यात ठेवायचे. २५ अंशांच्या आसपास दोन ते तीन दिवसांत पिल्ले येतात. दुहेरी हापाही उपयोगी आहे. आतला हापा मच्छरदाणीच्या जाळीचा आणि बाहेरचा बारीक कापडाचा असतो. पिल्ले जाळीतून निसटून बाहेरच्या हाप्यात उतरतात, आणि कवचे व मेलेली अंडी आतच राहतात. मग आतला हापा उचलला की घाण निघून गेली. खर्च कमी असला तरी तळ्याच्या पाण्यावर आपला ताबा राहत नाही, आणि गाळाने कापडाची छिद्रे बुजली की आतला प्राणवायू संपतो.

दुसरा मार्ग म्हणजे अंड्यांचा चिकटपणा काढून ती जारमध्ये उबवणे. हंगेरीचे एलेक वॉयनारोविच यांची ही पद्धत आहे. मादीची अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यांवर नराचे शुक्रद्रव टाकून पिसाने हलके मिसळायचे, आणि त्यानंतरच द्रावण ओतायचे. १० लिटर पाण्यात ४० ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम युरिया असे हे द्रावण असते. ते मधूनमधून बदलत अंडी तासभर किंवा थोडी अधिक वेळ सतत ढवळावी लागतात, तोपर्यंत ती पूर्ण फुगतात. शेवटी १० लिटर पाण्यात ५ ते ७ ग्रॅम टॅनिक आम्ल मिसळून त्यात काही सेकंदच खळबळून लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायची. टॅनिनमध्ये ती जास्त वेळ राहिली तर कवच इतके घट्ट होते की पिल्लाला ते फोडता येत नाही. पहिल्या वर्षी माझी एक संपूर्ण तुकडी अशीच गेली. जिवंत पिल्ले कवचात वळवळत होती आणि बाहेर येऊ शकली नाहीत. त्या दिवसापासून मी हे काम घड्याळ समोर ठेवूनच करतो.

भांडे कोरडे का, हेही सांगतो. शुक्राणू गोड्या पाण्यात गेल्यावर जेमतेम मिनिटभर हालचाल करतात, आणि अंड्यावरचे ज्यातून शुक्राणू आत शिरतो ते सूक्ष्म छिद्रही पाणी लागल्यावर थोड्याच वेळात बंद होते. आधी पाणी पडले तर दोघांचीही ती वेळ वाया जाते.

मागूरची अंडी मी पसरट टबात, ताणून बसवलेल्या जाळीवर एकाच थरात पसरतो आणि वरून पाण्याची बारीक धार चालू ठेवतो. २८ अंशांच्या आसपास २४ ते ३० तासांत पिल्ले फुटतात आणि जाळीतून खाली उतरतात. मेलेली अंडी जाळीवरच चिकटून राहतात. पिल्ले उतरली की जाळी ताबडतोब काढायची, नाहीतर बुरशी पाणी नासवते.

खाडीवाट

खाऱ्या पाण्यातली गोष्ट थोडक्यात लिहिते. जिताड्याचे अंडे पाऊण मिलिमीटरभर असते आणि त्यात तेलाचा थेंब असल्याने ते खाऱ्या पाण्यात वर तरंगते. म्हणून आमच्याकडे निवड सोपी होते. हवेचे बुडबुडे पाच-दहा मिनिटे थांबवले की चांगली अंडी वर येतात आणि मेलेली तळाशी बसतात, मग तळ नळीने ओढून घ्यायचा. मात्र पाण्याची क्षारता तपासल्याशिवाय या चाचणीवर विश्वास ठेवू नये, कारण क्षारता उतरली तर जिवंत अंडीही बुडतात आणि चांगला माल फेकला जातो. आम्ही हजारी २८ ते ३२ भाग क्षारता ठेवतो. २८ अंश तापमानात १७-१८ तासांत पिल्ले येतात. पिल्लू हलवण्यापेक्षा अंडे हलवणे पुष्कळ सुरक्षित असते, म्हणून फुटण्याच्या आधीच अंडी मोजून संगोपनाच्या टाकीत नेतो.

नवी_ओंजळ

सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन आठवड्यांत दोन तुकड्या घेतल्या. पाणी आता उंच टाकीत छिद्रांच्या पत्र्यावरून पडते आणि एक रात्र मुरते. टाकीच्या तोंडाशी दुहेरी बारीक कापड बांधले आहे, कारण भिंगाखाली पाण्यात सायक्लॉप्स हे सूक्ष्म जलजीव दिसले, आणि ते अंड्यांना व पिल्लांना इजा करतात असे कळले. कुंडावर छप्पर घातले.

पहिल्या तुकडीत मी ५० लाख अंडी सोडली. सहाव्या तासाला चार जागांहून मिळून २४० अंडी मोजली, त्यांपैकी १७५ फलित निघाली, म्हणजे सुमारे ७३ टक्के. तापमान २९ अंशांवर राहिले. भ्रूण झटके देऊ लागल्यावर वेग कमी केला, पण बहुतेक जास्तच कमी झाला, कारण पाऊण तासात भिंतीच्या कडेला तळाशी अंड्यांची पट्टी बसलेली दिसली. वेग थोडा वाढवल्यावर ती उठली. पिल्ले १५ व्या तासापासून येऊ लागली. तिसऱ्या दिवशी साधारण २५ लाख जिरे मिळाले. फलित अंड्यांच्या हिशेबाने हे दोन तृतीयांशाहून थोडे अधिक आहे.

दुसऱ्या तुकडीत तेच सगळे केले, तरीही फलन ५० टक्क्यांच्या आसपासच राहिले. माझी तयारी सारखीच असताना हा फरक का पडला?

डोहकाठ

हा फरक कुंडातला नाही. तुमच्या दुसऱ्या तुकडीच्या माद्या कोणत्या होत्या, त्या आधी वापरल्या होत्या का, आणि इंजेक्शननंतर किती तासांनी अंडी आली, ते तपासा. अंडाशयातून सुटलेले अंडे मादीच्या पोटात जास्त वेळ राहिले, तर ते पिकून उतरते. अशा अंड्याचे फलन कमी होते, कवच कमजोर राहते आणि वाकड्या पिल्लांचे प्रमाण वाढते. उबवणीची कोणतीही पद्धत हे दुरुस्त करू शकत नाही. नरांकडेही पाहा. पोट हलके दाबल्यावर शुक्रद्रव दुधासारखे दाट यायला हवे. ते पाण्यासारखे पातळ येत असेल, तर त्या नराला विश्रांती द्यावी.

तळाशी बसलेल्या पट्टीचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. मी दिलेले आकडे सुरुवात करण्यापुरते समजावेत. भिंतीचा खडबडीतपणा आणि नळांचा कोन प्रत्येक कुंडात वेगळा असतो. अंडी तळाला टेकणार नाहीत इतपत सर्वांत कमी वेग, हीच तुमच्या कुंडाची खरी खूण.

नवी_ओंजळ

आपला अंदाज बरोबर निघाला. दुसऱ्या तुकडीतल्या तीन माद्यांना इंजेक्शन उशिरा दिले गेले होते, आणि त्यांतील एकीचे पोट आदल्या आठवड्यातच मऊ झालेले मी पाहिले होते. यापुढे प्रत्येक मादीची वेगळी नोंद ठेवणार आहे. शेवटचा प्रश्न असा की जिरे कुंडातून संगोपन तळ्यात नेमके कधी हलवावे? ७२ तास झाले की लगेच हलवावे, की आणखी थांबावे?

सूक्ष्मदर्शी

तासांपेक्षा पिल्लाकडे पाहावे. काचेच्या पेल्यात दहा-वीस पिल्ले घेऊन उजेडासमोर धरा. पीतककोश जवळजवळ संपलेला, तोंड उघडलेले, वाताशयाचा (पोटातल्या हवेच्या पिशवीचा) चमकता ठिपका दिसत असलेला आणि पिल्लू आडवे, सरळ पोहणारे असावे. बहुतेक पिल्ले तशी दिसली, तर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे हलवा. पिल्ले अजून उभी वर-खाली होत असतील, तर बारा तास थांबा. मात्र पीतक संपल्यावर त्यांना कुंडात उपाशी ठेवू नका, कारण तेव्हापासून त्यांना बाहेरचे अन्न लागते, आणि गाळलेल्या स्वच्छ पाण्यात ते नसते. नेताना पिशवीतले पाणी आणि तळ्यातले पाणी यांच्या तापमानात दोन अंशांहून अधिक फरक असेल, तर पिशवी तशीच तळ्यात तरंगत ठेवून, मधूनमधून थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घेत, फरक मिटल्यावरच पिल्ले सोडा.